जांभळीपाशीचा पॉईंट

सरुबाई लांजेवार. हे नाव मी आधी लिहून टाकतो. आमच्या धंद्यात मशीनचा आवाज एवढा असतो की बाईमाणूस काय बोललं ते कुणाला ऐकू जात नाही, आणि मग गोष्ट सांगताना पुरुषांचीच नावं राहतात. मी आजही बोअरच्या गाडीवर ऑपरेटर आहे तो या बाईंमुळं. नाहीतर त्या दिवशी संध्याकाळी पिशवी घेऊन तुमसरच्या एसटी स्टँडवर बसलो असतो, आणि तिथून पुढं कुठं जायचं ते मला माहीत नव्हतं.

आता झालं काय ते सांगतो.

गाडी सकाळपासून लांजेवार गुरुजींच्या बाडीत उभी होती आणि धूळ येत होती. बाडी म्हणजे घरामागची कुंपण घातलेली जागा. धूळ येणं म्हणजे वाईट बातमी. बोअर मारताना हवेच्या दाबावर हातोडा खाली आपटत जातो, त्याच्या तोंडाला बिट असतं, आणि फुटलेल्या दगडाचा भुगा हवेबरोबर वर येतो. भुगा कोरडा असला की धूळ. ओला असला की चिखल. चिखल आला की पार्टी हसते. पार्टी म्हणजे आमचं गिऱ्हाईक.

इथं पांढरी धूळ येत होती. पिठाच्या गिरणीत उभं राहावं तसे आम्ही सगळे पांढरे झालो होतो. माझा हेल्पर बिसाहू, छत्तीसगडचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा. तोंडाला गमछा बांधून तो रॉड जोडत होता आणि दर रॉडला माझ्याकडं बघून मान हलवत होता. आधीच्या गावातलं काम पहाटे उरकून आम्ही तसेच इथं आलो होतो. हात लिव्हरवर होते, पण डोळे मिटत होते. ऊन असं की लोखंडाला हात लावला तर चटका.

माझं गाव सांगलीच्या दुष्काळी भागातलं, जत तालुक्यात. शाळा सातवीत सुटली. घरची मेंढरं होती, बाप अंथरुणाला लागला, पुढचं सांगायला नको. गावातून एक बोअरची गाडी चालली होती, तिच्यावर रॉड धुवायला चढलो, तो फिरत फिरत नागपूरच्या एका शेठच्या गाडीवर ऑपरेटर झालो. शेठनं आमची गाडी भंडाऱ्याकडं लावलेली. या जिल्ह्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात. जिकडं बघाल तिकडं धानाचे बांध, तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी. इथले लोक मला हसायचे. "तुमच्याकडं टँकर, आनि तुम्ही आमाले पानी देऊन राहिले?" पण वर तलाव असला म्हणून खाली पाणी असतंच असं नाही. खाली कडक खडक आहे. त्यात भेग सापडली तर पाणी, नाहीतर पांढरी धूळ.

आता भेग कुठं आहे हे वरून कसं कळायचं? दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सर्व्हे. मशीनवाला येतो, जमिनीत लोखंडी सळ्या रोवतो, करंट सोडतो आणि आकड्यांवरून जागा सांगतो. दुसरा म्हणजे पाणाड्या. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो. जिथं नारळ उभा राहिला तिथं पाणी. आम्ही दोन्हीला पॉईंटच म्हणतो. आमचं काम पॉईंटवर गाडी लावायचं. पॉईंट कुणी दिला ते आम्ही विचारत नाही.

लांजेवार गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. सिहोऱ्याच्या आसपासच्या गावांत त्यांना सगळे ओळखायचे ते एका गोष्टीसाठी. शाळांमध्ये, चावडीवर, कुणी बोलावलं तिथं जाऊन ते भगत, भानामती, अंगात येणं यांच्याविरुद्ध बोलायचे. पिशवीत एक नारळ असायचा. पोरांच्या हातावर ठेवून चालायला लावायचे. हात अवघडला की बोटं आपोआप हलतात आणि नारळ उभा राहतो. "आता सांगा, शाळेच्या वऱ्हांड्यात पानी आहे का?" पोरं हसायची. आणि दर भाषणाच्या शेवटी ते एक वाक्य म्हणायचे, ते गावात सगळ्यांना पाठ होतं: "जे बाहेर सांगतो तेच घरी करतो."

आणि त्यांचा सख्खा मेहुणा, सरुबाईंचा धाकटा भाऊ दशरथ, हा त्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा पाणाड्या.

म्हणून त्या दिवशी बाडीत निम्मं गाव जमलं होतं. पाणी बघायला कुणी आलं नव्हतं. गुरुजींचं काय होतं ते बघायला आले होते.

माझी अडचण वेगळी होती. आदल्या दिवशीच शेठचा फोन आला होता. दशरथमामा आमच्या शेठला पार्ट्या देत. त्यांनी पॉईंट दिला की तेच सांगायचे, अमुक गाडी बोलवा. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला तरी मामांना दोन्हीकडून बोलावणं असायचं. म्हणजे आमच्या गाडीचं निम्मं काम त्यांच्या नारळावर चालायचं.

"पॉईंट कोणाचा?" शेठनं विचारलं.

"गुरुजींनी सर्व्हे केलाय. गोठ्यापाशी."

"अरे, दशरथभाऊनं त्याच बाडीत जांभळीपाशी दिलाय ना? बहिणीचं घर आहे त्याच्या."

"गुरुजी नको म्हणतात."

"मग मार म्हातारा म्हणतो तिथं. ड्राय गेली की आपोआप कळेल. आणि एक लक्षात ठेव, दशरथभाऊला वाईट वाटेल असं तोंडातून काढू नको."

मी बरं म्हटलं. मी बरंच म्हणतो. घरापासून एवढ्या लांब माणूस दुसरं काय म्हणणार.

सकाळी पहिला रॉड लावायच्या आधी आमच्यात नारळ फोडतात. गाडीसमोर, बिटला हळद-कुंकू लावून. बिसाहू तर त्याशिवाय लिव्हरला हात लावू देत नाही. मी गुरुजींना बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "गुरुजी, तुम्ही आत चहा घ्या. तोवर आम्ही गाडीमागं उरकतो. कुणाला दिसायचं नाही."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही. दमलेल्या माणसासारखे.

"मिस्त्री, गाडी तुमची, देव तुमचा. समोर फोडा ना. मागे काहून जाता? मी फक्त हात जोडनार नाही."

आम्ही समोर फोडला. गुरुजी हाताची घडी घालून उभे राहिले. गर्दीतून पानठेलेवाला रमेश ओरडला, "काहो गुरुजी, खोबरं तं घेसान का?"

"खोबऱ्याशी माहं भांडन नाही," गुरुजी म्हणाले आणि तुकडा तोंडात टाकला. लोक हसले. सरुबाईही हसल्या, दारात उभ्या राहून.

सरुबाईंच्या गुडघ्यांवर सूज होती. विहीर दोन उन्हाळे झाले आटत होती. पाणी गावाच्या दुसऱ्या टोकाला हँडपंपावर. मुलं पुण्याला. गुरुजी सायकलवर कॅन आणत, पण गुरांचं, भांड्यांचं पाणी बाई स्वतःच वाहत. चालताना एक हात मांडीवर ठेवून चालत. त्यांच्या देवघरात अगरबत्ती कधी विझत नव्हती. भाऊ पाणाड्या, नवरा असला, आणि मधे या. मी पोचलो तेव्हा पदराखाली एक नारळ होता त्यांच्या. मला वाटलं, चोरून फोडतील.

गुरुजींनीही पाहिला. "फोडायचा असंन तं फोड ना. मी तुले कधी अडवलं?"

"आता नाही फोडत," बाई म्हणाल्या. "पानी लागल्यावर फोडीन. देवाले आधीच लाच कायले देऊ?"

दुपारपर्यंत दोनशे फुटांच्या खाली गेलो. एक ओला कण नाही. मी मशीन बंद केलं. आवाज थांबला की कान दुखतात, तसे दुखले.  सगळे गुरुजींकडं बघत होते.

हा क्षण मला सगळ्यात नको असतो. कोरडी गेली की पार्टीचं तोंड फिरतं. ऑपरेटरला शिव्या बसतात, गाडीसमोर बैलगाडी आडवी लावतात, चावी काढून घेतात. एका गावात मला डोक्यात काठी बसली आहे. म्हणून मी आधी बिसाहूला खुणेनं सांगितलं, तू केबिनमध्ये बस.

गुरुजी भोकापाशी आले. वाकून आत पाहिलं, जसं काही दिसणारच आहे. मग सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही लागलं. सर्व्हेचा अंदाज चुकला."

एवढंच. मशीनवाल्याला शिवी नाही, मला नाही.

दशरथमामा कुंपणापाशी बसले होते. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, शांत माणूस. ते उठले. "भाऊजी, आता तरी ऐका. जांभळीपाशी मारा. ताईचे पाय पाहा."

रमेश लगेच, "गुरुजी नाही मारनार जी. नाक जाईन ना त्यायचं!"

"नाक गेलं तं गेलं," दुसरा एक म्हातारा म्हणाला, "पानी तं येईन."

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "मिस्त्री, बाडीत आनखी कुठं गाडी उभी राहू शकते?"

मी खरं ते सांगितलं. एका बाजूला घराची भिंत. दुसरीकडं वरून विजेची तार, तिच्याखाली मी गाडी उभी करत नाही. तणसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग हलवायला दिवस जाईल. "राहते ती जांभळीपाशी. कुंपणाच्या दोन बल्ल्या, ते लाकडी खांब, काढावे लागतील."

गुरुजी एकटेच हसले. मग खाटेवर जाऊन बसले. शेठचा फोन वाजत होता. लाखांदूरकडची पार्टी वाट बघत होती, तिकडं पोचायला जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं होतं. मी फोन उचलला नाही.

मला तेव्हा वाटलं, हा माणूस आता नाही म्हणेल. त्याच्या जागी मी असतो तर नाहीच म्हटलं असतं. आयुष्यभर एक गोष्ट सांगितली आणि सगळ्या गावासमोर तिच्या उलट वागायचं? त्यापेक्षा सायकलवरचा कॅन बरा. पण कॅन वाहणारे एकटे गुरुजी नव्हते, हेही मला दिसत होतं. सरुबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.  मार म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत.

गुरुजी उठले. "मी का सांगतो लोकांले? नारेल उभा राहिला म्हनून तिथं पानी येत नाही. बरोबर?"

"बरोबर," गर्दी म्हणाली, मजा बघत.

"मंग नारेल उभा राहिला म्हनून तिथलं पानी पळूनही जात नाही. ती जागा बाकीच्या जागेसारखीच एक जागा. दशरथनं दाखवली म्हनून मी ती सोडली, तं नारेलाची ताकद मीच मानली म्हनायचं." ते माझ्याकडं वळले. "मारा मिस्त्री जांभळीपाशी."

"लागलं तं आमी नारेलानंच लागलं म्हनू," रमेश म्हणाला.

"म्हना ना. तुमच्या तोंडाले का मी कुलूप लावू? पन लागलं तं लागलं म्हनीन मी. लपवनार नाही."

बल्ल्या काढल्या. गाडी मागं-पुढं करून लावायला घाम निघाला. आधी केसिंग टाकलं, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून घालतात तो पाईप. मग पुन्हा तेच. धूळ. पांढरी, मग काळसर. बिसाहू आता मान हलवत नव्हता, नुसता रॉड जोडत होता. उन्हं कलली. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मनात एकच, की हीही कोरडी गेली तर दोन्हीकडून मी मेलो.

मग धुळीचा वास बदलला. हे सांगून कळायचं नाही, पण ओल्या दगडाचा वास वेगळा असतो. भुगा जड झाला. गोळे पडायला लागले. एक रॉड अजून, आणि भोकातून चिखल उसळला, त्यामागून पाणी. राखाडी, फेसाळ, जांभळीच्या शेंड्यापर्यंत. पोरं ओरडत खाली नाचायला लागली. माणसंही. दशरथमामांना चौघांनी उचललं. कुणी कुंकू आणलं.

गुरुजी भिजत उभे होते. चष्मा पुसत म्हणाले, "लागलं. दशरथच्या जागेले लागलं. सर्व्हेच्या जागेले नाही लागलं."

कुणीतरी शिट्टी मारली. कुणी म्हणालं, "आता पिशवीतला नारेल फेका गुरुजी!" गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. दारात सरुबाईंनी आपला नारळ काढला, जांभळीच्या मुळाशी फोडला, पाण्याला हात लावून डोळ्याला लावला. एका घरात दोन माणसं, दोघंही आपापल्या जागी. मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात रमेशनं मला धरलं. माझा हात वर करून ओरडला, "थांबा! मिस्त्रीले इचारा. मिस्त्री रोज भोकं पाडते. सांगा वो सांगलीवाले, नारेल खरा का मशीन खरं?"

 मामा हसून माझ्याकडं बघत होते. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त माझ्याकडून एक शब्द हवा होता. 'नारळ' म्हटलं की संपलं. शेठ खूश, मामा खूश, गाव खूश.

मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. ते पाण्याकडं बघत होते. त्यांनी मला विचारलं असतं, खुणावलं असतं, तर कदाचित मी नारळच म्हटलं असतं. पण सकाळपासून हा माणूस माझ्यासमोर दोनदा सगळ्यांना ऐकू जाईल असं खरं बोलला होता, दोन्ही वेळा स्वतःच्या विरुद्ध. मी दमलो होतो. दमलेल्या माणसाला खोटं जुळवायला त्रास होतो.

"मला नाही कळत," मी म्हणालो. "सर्व्हेच्या जागेवर कोरड्या गेल्यात, तुम्ही आज बघितलीच. मामांच्या जागेवर पण जातात. ह्याच आठवड्यात बावनथडीकडच्या गावात गेली. लागतात पण दोन्हीकडं. खाली काय आहे ते बिट खाली गेल्यावर कळतं."

मामांचं हसू गेलं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि कुंपणाबाहेर गेले.

थोड्या वेळानं माझा फोन वाजला.

"तुला काय सांगितलं होतं मी?" शेठ.

"शेठ, लोकांनी विचारलं म्हणून..."

"लोकांनी विचारलं! पार्ट्या लोक आणतात की दशरथभाऊ आणतो? गाडी बिसाहूच्या ताब्यात दे. लाखांदूरला दुसरा ऑपरेटर पाठवतो मी. तू तुझी पिशवी काढ."

फोन बंद. बाडीत पाणी वाहत होतं, पोरं खेळत होती. मी हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या दुसऱ्या गाडीमागं जाऊन चाकाला टेकून बसलो. हिशेब एकच होता डोक्यात. आईला काय सांगायचं. मेंढरं विकून झाली होती. सातवी शिकलेल्याला, या मुलखात ज्याचं कुणी नाही त्याला, गाडीवरून उतरवलं की तो फक्त रस्त्यावरचा एक माणूस असतो.

सरुबाई चहा घेऊन आल्या. सगळ्यांना देत देत माझ्यापर्यंत. माझी बशी हातात खडखडली.

"का झालं जी?"

"काही नाही काकू."

"काही नाही तं बशी काहून वाजून राहिली?"

मी सांगितलं. जास्त नाही, दोन वाक्यांत. त्यांनी चहाचा ट्रे चाकापाशी जमिनीवर ठेवला आणि मांडीवर हात ठेवून कुंपणाकडं चालल्या. मी मागं गेलो, कारण त्यांना थांबवायचं होतं मला. उगीच घरात भांडण नको.

"दशरथ, नागपूरले फोन तूच केला?"

"ताई, तू नोको पडू यात. चार लोकायत माही इज्जत काढली त्यानं."

"खोटं बोलला का तो?"

मामांनी फोन खिशात घातला.

"त्या गावची कोरडी गेली का नाही?"

"गेली ना. एखादी जाते."

"मंग खोटं का बोलला?"

"पन बोलायची गरज का होती?"

"त्याले इचारलं, तो बोलला. तुले कोनी इचारलं का आजवर?" बाईंचा आवाज चढला नव्हता, पण लोक आपोआप जवळ आले. "तुह्या सोताच्या घरच्या दोन्ही कोरड्या गेल्या, ते सांगितलं का तू ह्यायले? रुखमा अजून नाल्यापलीकडून पानी आनते. सांगितलं का?"

रुखमा म्हणजे मामांची बायको, आणि मामांचं गाव वेगळं असल्यामुळं हे इथं कुणालाच माहीत नव्हतं. गुरुजींनाही माहीत होतं का कुणास ठाऊक. असलं तर त्यांनी ते एकाही भाषणात वापरलं नव्हतं. 

मामा खाली बघत म्हणाले, "घरचं हाय ते. बाहेर कायले सांगा?"

"घरचं नाही. नारेल हातात घेतांना देवाचं नाव घेतेस ना तू? मीही घेते. माह्या देवाले मी खरं सांगायले भेत नाही. तू काहून भेतेस? तुह्या हाताले पानी लागलं, माहे पाय वाचले. जन्मभर नाव काढीन तुहं. पन त्या पोट्ट्याचं घर उठवून मले हे पानी गोड नाही लागनार."

 मामांनी बुक्क्याचं कपाळ पुसलं. मग फोन लावला. आम्ही सगळे ऐकत होतो, म्हणून त्यांनी पाठ फिरवली, पण शब्द येत होते.

"शेठ, दशरथ बोलून राहिलो. तो ऑपरेटर... नाही, नाही, चूक नाही त्याची. खरंच बोलला तो. ...हो, गेली होती कोरडी. माह्या घरच्याही गेल्या. दोन्ही. ...हो ना जी, माह्या घरच्या. ...त्याले नोका काढू. काढसान तं मले दुसरी गाडी पाहा लागन."

फोन खिशात ठेवून ते माझ्यासमोर आले. "जाय बापू, तुही गाडी पाहा." एवढंच म्हणाले. मग बहिणीला म्हणाले, "जेवून जातो मी. उपाशी भांडलो तुह्याशी."

"वांग्याची भाजी आहे," बाई म्हणाल्या. "भाऊजींजवळ बस."

ते खरंच गुरुजींच्या शेजारी बसून जेवले. दोघं एकमेकांशी फार बोलले नाहीत. भाजी मात्र दोघांनीही दोनदा घेतली.

शेठनं मला ठेवलं. महिनाभर फोनवर नीट बोलला नाही, पण ठेवलं. दशरथमामांची गिऱ्हाइकं कमी झाली का? मी ऐकलं ते असं की फारशी नाही. लोकांना नारळ लागतोच. फरक एवढाच पडला, की पॉईंट देताना आता ते म्हणतात, "लागन असं वाटते. माह्या घरी नाही लागलं." लोक हसतात आणि तरी त्यांनाच बोलावतात.

गुरुजींचं पुढच्या वर्षी कळलं. आमची गाडी त्याच भागात एका शाळेजवळ होती. पोरं गाडी बघायला आली, त्यातली एक मुलगी म्हणाली, "आमच्या शाळेत गुरुजी आले होते नारेलवाले. त्यायच्या घरी नारेल खरा निघाला आनि मशीन खोटं, त्यायनंच सांगितलं." मी विचारलं, मग पुढं काय म्हणाले? ती म्हणाली, "त्यायनं इचारलं, एका घरावरून सांगता येते का? मंग आमी भांडलो वर्गात."

मी अजूनही पहिल्या रॉडआधी नारळ फोडतो. बिसाहू सोडत नाही आणि मलाही सोडवत नाही. पण कुणी विचारलं, तर आहे ते सांगतो. आमच्या धंद्याचा पहिला नियम पार्टीला सगळ्यात जास्त खटकतो: बोअर कोरडी गेली तरी मजुरी द्यावी लागते. गुरुजींनी ती हूं की चूं न करता दिली, आणि माझ्या मते फक्त बोअरचीच दिली नाही. चार लोकांत आपण जे बोलून ठेवतो, त्याचंही तसंच असतं. पाणी लागो न लागो, मजुरी चुकत नाही.

गाडी अजून शेठचीच आहे. माझी स्वतःची होईल का, कधी होईल, माहीत नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा हेच डोक्यात असतं. पण झालीच, तर तिची पहिली बोअर कुठं मारायची ते ठरलेलं आहे. दशरथमामांच्या अंगणात, रुखमामामींसाठी. पॉईंट नारळाचा घ्यायचा की मशीनचा ते त्यांनी त्यांचं ठरवावं. कोरडी गेली तर मी दुसरी मारीन, आणि दुसरी गेली तर तिसरी. मजुरी मागणार नाही. सरुबाईंना फक्त तेवढा दिवस भावाच्या घरी यावं लागेल, पदराखाली नारळ घेऊन. आधी फोडणार नाहीत त्या, मला ठाऊक आहे.